खुलासा

साहेब, नोटीस पोचली.
सहीला पेन पोस्टमनचंच घेतलं.
'दवंडी गैरवाजवी मोठ्या आवाजात दिली,
सबब सात दिवसांत खुलासा सादर करावा.'
करतो.

ग्रामसेवक म्हणाले होते,
सटवा, आज जरा हळू दे.
दुपारी दोनला दे,
मारुतीच्या मागच्या अंगाला,
जिथं सावलीला कुत्री पडतात.
मी दिली.
दोन कुत्र्यांनी ऐकली, एकानं कान हलवला.
त्यांची हजेरी धरली का, मला ठाऊक नाही.

दवंडी होती गट नंबर एकशे बेचाळीसची.
सातबाऱ्यावर तो 'पडीक',
आमच्या तोंडी म्हाताऱ्याचा माळ.
त्याच्यावर चारशे एकर काचा येणार,
उन्हाची वीज होणार,
आमच्या डोक्यावरून तारेतारेनं लांब जाणार.
उन्हाशी माझं भांडण नाही, साहेब.
ऊन आमच्याकडं इतकं
की कुणी पोत्यानं न्यावं.
पण पडीक म्हंजे काय, ते एकदा येऊन बघा.
पोळा झाल्यावर या,
पवन्या गुडघ्याला लागतो तेव्हा.
गावात एकशे दहा म्हशी,
निम्म्या अशा घरच्या
ज्यांच्या नावावर बांधसुद्धा नाही.
त्या माळ खातात, माळाचं दूध होतं,
खाजामियाँच्या भट्टीवर दुधाचा खवा,
अन् खवा पाटीनं भूमच्या बाजारात.
तुमच्या घरच्या बारशाचा पेढा
आमच्या पडीकातलाच असंल, काय सांगावं.

त्या रात्री डोळा लागला नाही.
माझा बापही कोतवाल.
त्याची हाळी वेशीतून सुटली
की खिंडीतली मेंढरं माना वर करायची.
शेवटी घसा बसला, खुणेनं बोलायचा.
भिंतीवरच्या हलगीकडं बोट करायचा, मग माझ्याकडं,
अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पहाटे चारला उठलो.
खाजामियाँची भट्टी पेटलेली होती,
तिच्या धगीवर हलगी शेकली.
तो उलथनं फिरवीत म्हणाला, इतक्या सकाळी कुणाचं लगीन?
म्हणलं, माळाचं. तेही न विचारता.
मग फिरलो.
वरची आळी, खालची आळी, धनगरवस्ती,
ओढ्यापलीकडची पारध्यांची पालं.
तिथं याआधी दवंडी कधीच गेली नव्हती.
हा माझा जुना गुन्हा. तोही लिहून घ्या.

सभेला माणूस मावेना.
ठराव आधीच लिहून ठेवलेला,
खाली एकेचाळीस सह्या-अंगठे.
ग्रामसेवक नावं वाचत गेले, भरभर,
अन् सुंदराबाई गव्हाणे म्हणताना अडखळले.
तिची सून केवळा उठली,
हाताला शेण तसंच.
म्हणाली, आत्याबाईला जाऊन दोन वर्षं झाली.
अंगठा घ्यायला तिकडं कोण गेलं होतं?
आता आलाच आहे माघारी, तर एवढं सांगा,
तिकडं तरी तिला बसून खायला मिळतं का?
कुणी हसलं नाही.
मग एक म्हातारी हसली, अन् सगळा पार हसला.

ठराव बारगळला नाही, साहेब,
पुढं ढकलला.
कागदाला दम लागत नसतो, मला माहीत आहे.
केरबाच्या पोराला तिथं राखणदाराची नोकरी कबूल झाली होती.
तो आता माझ्याशी बोलत नाही.
त्याचंही खोटं नाही. त्याच्याकडं म्हैसही नाही.
त्याला काय सांगावं, हे मला अजून सुचलं नाही.

बाकी, दवंडी किती मोठ्यानं द्यावी
याचं माप नियमात असंल तर कळवावं.
अन् पुढची सभा कधी ते
मला एक दिवस आधी सांगावं.
पावसाळी हवा आहे,
हलगी शेकायला वेळ लागतो.